काका, मॉवर भंगारात जाऊ दिला नाहीत त्याबद्दल

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल तुम्हाला.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. आमचा गवत कापायचा मॉवर वडिलांनी घेतलेला, जुना टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल कालवून चालणारा, दोरी ओढून चालू करायचा. वर्षानुवर्षं तक्रार न करता चालला आणि मग एकदा बरेच महिने बंद राहिल्यावर पकडेचना, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी साधं फुर्र सुद्धा नाही. दुरुस्तीला नेला तर तिथे प्लगही न काढता सांगितलं की इंजिन संपलंय, याचे पार्ट येत नाहीत आता, नवीन घ्या. घरातही सगळे तेच म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर नवीन घेणं सोपंच होतं. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "कुणी उघडून बघितलंय का?" या एका प्रश्नाचे आभार सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं आता कार्बोरेटर खोलाल, पण तुम्ही आधी प्लगची वायर काढून बाजूला केलीत, सायलेन्सरचे दोन बोल्ट सोडवलेत आणि टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या भोकातून आत बघत बसलात. मलाही बघायला लावलंत. दोरी हळूहळू ओढली की पिस्टन खालीवर होताना तिथून दिसतो, त्याच्या अंगावर उभे ओरखडे असतील तर इंजिन एकदा जाम होऊन गेलंय, मग सिलेंडर-पिस्टनचा खर्च आणि तेव्हा नवीन घेण्याचा विचार करायला हरकत नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. आमचा पिस्टन गुळगुळीत होता, रिंग भोकासमोर आली की लाकडी काडीने दाबल्यावर थोडी आत जाऊन परत बाहेर येत होती म्हणजे चिकटलेली नव्हती. मग प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांगितलंत आणि दोरी ओढलीत, अंगठा उडाला. कॉम्प्रेशन आहे, म्हणजे आत हवा नीट दाबली जातेय. "संपलंय" म्हणून सांगितलेलं इंजिन हे.

मला हेच फार आवडलं की तुम्ही जुनं ते सोनं वगैरे काही म्हणाला नाहीत, आधी बघितलंत आणि मग बोललात. ओरखडे दिसले असते तर तुम्हीच सांगितलं असतंत की सोड आता, आणि मी ते ऐकलंही असतं.

मग करंट. प्लग वायरला लावून, भोकापासून लांब, त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवून सावलीत दोरी ओढली तर चांगली निळी ठिणगी. पण प्लग कोरडा ठणठणीत, एवढी दोरी ओढूनही पेट्रोलचा वास नाही. तिथे तुम्ही जे केलंत ते मी आता प्रत्येकाला सांगत सुटलोय. अगदी चमचाभरसुद्धा नाही, थोडंसं पेट्रोल-ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडलंत, प्लग बसवलात, वायर लावलीत, दोरी ओढलीत आणि इंजिन भडभड करून क्षणभर चाललं आणि बंद पडलं! मी हळहळलो आणि तुम्ही खूश, कारण तुमच्या मते उत्तर मिळालं होतं. कॉम्प्रेशन ठीक, करंट ठीक, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळही चालण्याइतकी ठीक, फक्त टाकीतलं पेट्रोल आत पोचत नाहीये. एवढ्याशा पेट्रोलने अर्ध्या शंका संपवल्या आणि एकही पार्ट विकत आणावा लागला नाही. मी एकटा असतो तर प्लग, कॉइल, काय काय बदलत बसलो असतो.

कार्बोरेटर उघडला तेव्हा कारण हातातच आलं. तो डायफ्रामचा आहे, आत पातळ रबराचा पडदा असतो, इंजिनने ओढ घेतली की तो वाकतो आणि एक छोटी दांडी दाबतो, दांडीने सुई उचलली की पेट्रोल आत येतं. आमचा पडदा कडक होऊन सुरकुतलेला, बोटात धरला तर जुन्या प्लास्टिकच्या पिशवीसारखा कडकड वाजत होता. तो वाकणार कसा आणि सुई उघडणार कशी! शिवाय जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी चिकट थर, आणि टाकीकडून येणारी नळी वळणावर तडकलेली. जेट साफ करायला मी टाचणी आणली तर तुम्ही हातातून काढून घेतलीत, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त यायला लागतं. क्लीनरचा फवारा, मग हवा, मग उजेडासमोर धरून भोक गोल दिसतंय का बघायचं, बास. डायफ्राम आणि गास्केटचं किट शोधल्यावर मिळालं आणि नळी तर साधीच, पेट्रोलला चालणारी हवी एवढंच.

मॉवर दोरीला लगेच पकडला, पण गरम झाल्यावर दम सोडायला लागला, उंच गवतात गेला की घरघर करत बसायचा. इथे कुणीही म्हटलं असतं की बघा, जुनंच ते. तुम्ही म्हणालात कार्बन. पहिल्या दिवशी एक्झॉस्टच्या भोकातून आत बघताना तुम्ही ते हेरून ठेवलं होतं, कडेने काळा थर जमून भोक जवळजवळ अर्धं झालं होतं. धूर बाहेर पडायलाच जागा नाही तर नवीन मिश्रण आत येणार कुठून, टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही कामं जवळजवळ एकाच वेळी चालतात ना. दोरी ओढून पिस्टन वर आणून भोक बंद केलंत म्हणजे खरडलेलं आत पडणार नाही, आणि लाकडाची चपटी काडी दिलीत हातात, स्क्रू ड्रायव्हर नाही, पिस्टनवर चरा पडतो. काळे पापुद्रे निघत गेले आणि खालून पांढरट धातू दिसायला लागला, तेव्हा मला जो आनंद झाला तो नवीन मशीनचं खोकं उघडून झाला नसता. सायलेन्सरही तसाच बुजलेला निघाला. साफ करून लावल्यावर आवाजच वेगळा, मोकळा.

ऑइलबद्दल जे सांगितलंत त्याचे वेगळे आभार. आमच्या इंजिनाच्या जुन्या पुस्तकात 25:1 लिहिलंय, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल, ज्यांच्या मशीनला 50:1 सांगितलंय त्यांनी 20 मिली घालायचं, अंदाजाने ओतायचं नाही. कमी घातलं तर पिस्टन जाम होणार हे माहीत होतं, पण जास्त घातलं तर मिश्रण "रिच", म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं ही माझी समजूत उलटी निघाली, त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, वर कार्बन आणि धूर वाढतो तो वेगळाच. आणि इथेनॉलच्या पेट्रोलचं तर कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी पेट्रोल घेते ती तळातून! म्हणजे टाकीत ऑइल असूनही इंजिन कोरडं चालू शकतं. आता मी लागेल तेवढंच कालवतो, आणि बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं संपून मॉवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

बॅटरीवाला का घेत नाही असं मला विचारणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जातंच, ती रचनाच तशी आहे. हे इंजिन खरंच संपेल तेव्हा मी बॅटरीवालाच घेईन. पण आत पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच मुख्य हलणारे भाग, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी, म्हणजे क्रँककेसच, पंपाचं काम करते. जोसेफ डे नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने 1890 च्या आसपास ही युक्ती काढली. इतकं साधं, धडधाकट इंजिन एका कडक झालेल्या रबराच्या तुकड्यासाठी फेकणं मला पटत नाही. तुम्हालाही पटलं नाही, आणि नुसतं तसं म्हणून न थांबता तुम्ही तुमच्या सुट्टीच्या दुपारी माझ्याबरोबर जमिनीवर बसून घालवल्यात. पाना बहुतेक वेळ माझ्याच हातात ठेवलात, मला वेळ लागला तरी घाई केली नाहीत. तुम्ही एकट्याने हे अर्ध्या वेळात केलं असतंत हे मला कळत होतं काका. वडिलांचं मशीन मला स्वतःला उघडता येतं, लावता येतं, हे तुमच्यामुळे झालं. आईने आवाज ऐकून बाहेर येऊन बघितलं तेव्हा तिला काय वाटलं ते तिनेच तुम्हाला सांगितलंय.

आता राहिलेत क्रँकचे सील, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथून हवा आत जाऊ न देणाऱ्या रबरी रिंगा. गरम झाल्यावर रेस आपोआप वाढायला लागली तर सीलमधून हवा ओढतंय समजायचं, असं तुम्ही बजावलंय, म्हणून रोज कान देऊन ऐकतो, अजून तरी तसं काही नाही. सील मिळाले म्हणून आणून ठेवलेत, फ्लायव्हील ओढून काढायचा पुलरही आणलाय. तुम्हाला सवड असेल त्या रविवारी कळवा, कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ठेवायला मध्ये धरायचं कार्ड मीच घेऊन बसतो.

मनापासून आभार, काका.