अंदमानला व्हीलचेअर नेताना

महोदय,

सुट्टीत अंदमानला निघताना घरातल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला कृपया मागे ठेवू नका, तयारी करा. विमान कंपनीला 48 तास आधी कळवा. खुर्चीची सुटी होणारी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते: एक असेल तर 300 वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी 160. स्वराज द्वीपच्या (पूर्वीचे हॅवलॉक बेट) बोटीत चढताना खरी कसोटी जेट्टीवर लागते. ओहोटीला बोट खाली जाते, फळीचा उतार वाढतो. शक्यतो भरतीच्या वेळेची फेरी धरा. वाळूत पुढची लहान चाके रुततात, म्हणून खुर्ची उलटी फिरवून मागे ओढा. रोज संध्याकाळी चाके गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा, नाहीतर खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतात.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर