उसन्या नावावरचे उत्तरभाग

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या चित्रपटविषयक पानावर चित्रपटगृहात लागणाऱ्या नव्या चित्रपटांची परीक्षणे नियमित येतात आणि ती वाचून कोणता चित्रपट पाहायचा हे ठरवणारे माझ्यासारखे बरेच वाचक या शहरात आहेत. परंतु जे चित्रपट चित्रपटगृहाची पायरीच चढत नाहीत, पूर्वी थेट डीव्हीडीवर आणि आता थेट मोबाइलच्या पडद्यावर येतात, त्यांची दखल कोणीच घेत नाही. अशा चित्रपटांपैकी एका ठरावीक प्रकाराबद्दल मला लिहायचे आहे. सुपारी घेऊन माणसे मारणाऱ्यांवरचा एखादा हॉलिवूडपट लोकप्रिय झाला, की काही वर्षांनी त्याच्या नावापुढे आकडा लावून, थोडक्या पैशांत आणि त्याहूनही थोडक्या विचारात उरकलेला उत्तरभाग बाजारात येतो. हिंदीत डब होऊन तो दूरचित्रवाणीवर दुपारी-रात्री दाखवला जातो आणि मूळ चित्रपटाच्या पुण्याईवर पाहिलाही जातो. मारधाडीच्या चित्रपटांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. हा प्रकार मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याची चाललेली हेळसांड मला सहन होत नाही.

‘स्मोकिन् एसेस’ या चित्रपटाचे उदाहरण घेतो. जो कार्नाहन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. बडी इस्रायल नावाचा लास वेगासचा जादूगार माफियाविरुद्ध साक्ष द्यायला तयार होतो, लेक टाहोच्या परिसरातील एका हॉटेलात वरच्या मजल्यावर लपून बसतो आणि त्याच्या जिवावर लावलेले दहा लाख डॉलर मिळवण्यासाठी मारेकऱ्यांच्या निरनिराळ्या टोळ्या त्या एकाच इमारतीकडे निघतात. हा चित्रपट थोर आहे असे माझे म्हणणे नाही. त्यात पात्रांची गर्दी फार आहे आणि मधल्या भागात तो भरकटतोही. पण कोण कोणत्या वाटेने आत शिरले, समोरच्या इमारतीतून कोणाची बंदूक कुठे रोखलेली आहे, लिफ्टच्या बंद पेटीत समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी कोणाला काय माहीत आहे, हे प्रेक्षकाला स्पष्ट कळत राहते आणि त्यामुळे बंदुकीचा चाप ओढला जाण्याआधीच छातीत धडधड सुरू होते. शेवटी रायन रेनॉल्ड्सने साकारलेला एफबीआयचा अधिकारी, ज्या दोन गुन्हेगारांसाठी आपले सहकारी बळी दिले गेले त्या दोघांची जीवरक्षक यंत्रे स्वतःच्या हाताने बंद करतो आणि आपले पिस्तूल व बिल्ला जमिनीवर ठेवून बसतो. दीड तासाच्या गोळीबारानंतर त्या एका शांत कृतीने आधीच्या सगळ्या मृत्यूंचा हिशेब मांडला जातो.

याच नावाचा दुसरा भाग, ‘असॅसिन्स बॉल’, २०१० साली थेट डीव्हीडीवर आला. दिग्दर्शक बदलले, पी. जे. पेस आले. रेनॉल्ड्स, बेन अॅफ्लेक, रे लिओटा, अॅलिशिया कीज यांपैकी कोणीही त्यात नाही. कथा मूळ चित्रपटाच्या आधी घडते. वॉल्टर वीड नावाच्या, एफबीआयमध्ये टेबलावर बसून काम करणाऱ्या विश्लेषकावर इनाम लागते, त्याला शिकागोतील एका जॅझ क्लबखालच्या तळघरात सुरक्षित ठेवले जाते आणि मारेकरी तिकडे निघतात. सांगाडा तोच, फक्त वरच्या मजल्याऐवजी तळघर. टॉम बेरेंजरसारखा जाणता नट वीडच्या भूमिकेत आहे आणि जे थोडेफार पाहण्यासारखे आहे ते त्याच्यामुळेच. परंतु मूळ चित्रपटातून जी पात्रे परत आणली आहेत, त्यात वेषांतर करणारा लॅझलो सूट आणि ट्रेमर टोळीतला लेस्टर आहेत. कथा आधीच्या काळातली असल्यामुळे हे दोघे यात मरणार नाहीत हे पहिल्या मिनिटापासून ठरलेले असते. ज्या चित्रपटाचा सगळा आधार ‘आता कोण मरेल’ या प्रश्नावर आहे, त्याने आपल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांबाबत हा प्रश्नच आधी मिटवून टाकावा, यावरून पटकथेवर किती वेळ खर्च झाला असेल ते दिसते. शिवाय त्या तळघराचा नकाशा मनात उभा राहत नाही. कोण कुठे उभे आहे हे न कळल्यामुळे गोळ्या कितीही सुटल्या तरी धाकधूक होत नाही, नुसता आवाज होतो.

या व्यवहारामागचे अर्थकारण समजण्यासारखे आहे. नाव ओळखीचे असले की जाहिरातीवर वेगळा खर्च करावा लागत नाही. डीव्हीडीच्या काळात दुकानातल्या फडताळावर ते नाव दिसले की ग्राहक हात पुढे करत असे, आता तेच काम पडद्यावरचा छोटा चौकोन करतो. म्हणून निर्माता नावाचा हक्क जपतो आणि ज्या माणसांनी ते नाव मोठे केले त्यांना मात्र परत बोलावत नाही. एखाद्या ओळखीच्या नटाला मोजक्या दिवसांसाठी आणले जाते आणि त्याचा चेहरा पोस्टरच्या मधोमध लावला जातो. प्रत्यक्षात तो नट खुर्चीत बसून टेलिफोनवर चार वाक्ये बोलतो आणि निघून जातो. ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक ठरलेले समर्थन ऐकू येते, की पैसाच नव्हता तर ते बिचारे काय करणार? हे समर्थन मला अजिबात मान्य नाही. मूळ ‘स्मोकिन् एसेस’देखील हॉलिवूडच्या मानाने मध्यम खर्चाचाच होता, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा. पण त्याहून फार पुढचे उदाहरण रॉबर्ट रॉड्रिगेज यांच्या ‘एल मारियाची’चे आहे. १९९२ सालचा हा चित्रपट त्यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील एका गावात सुमारे ७ हजार डॉलरमध्ये चित्रित केला आणि त्यातले काही पैसे त्यांनी औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचे शरीर देऊन मिळवले होते. एक गरीब गायक गिटारची पेटी घेऊन कामाच्या शोधात गावात येतो. त्याच वेळी तशाच पेटीत हत्यारे घेऊन एक गुन्हेगार तिथे आलेला असतो आणि त्याला मारायला पाठवलेले भाडोत्री मारेकरी चुकून गायकाच्या मागे लागतात. कॅमेऱ्याबरोबर आवाज टिपण्याची सोय नव्हती, म्हणून संवाद नंतर वेगळे ध्वनिमुद्रित केले. ओठ आणि आवाज यांचा मेळ बसेनासा झाला की दिग्दर्शक दुसऱ्या चेहऱ्याकडे कॅमेरा वळवतो आणि त्यातूनच चित्रपटाला त्याची वेगवान लय मिळाली. बंदुका अशा होत्या, की खोटी काडतुसे घातल्यावर एक बार झाला की त्या अडकत. तेव्हा तो एकेक बार वेगवेगळ्या कोनांतून घेऊन संकलनात जोडला गेला आणि पडद्यावर मात्र सलग फैरी झडल्याचा भास होतो. ट्रॉलीऐवजी चाकांची खुर्ची वापरली. हा चित्रपट मुळात स्पॅनिश भाषेच्या व्हिडिओ बाजारासाठी, म्हणजे थेट घरात विकण्यासाठीच बनवला होता. पुढे कोलंबिया पिक्चर्सने तो घेतला, चित्रपटगृहांसाठी त्यावर आणखी पैसा लावला आणि १९९३ साली सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. ज्या बाजाराच्या नावाने आजचे उत्तरभाग आपली सुटका करून घेतात, त्याच बाजारासाठी केलेले हे काम आहे. मोठ्या स्टुडिओचे नाव, पगारी तंत्रज्ञ आणि तयार प्रेक्षक हाताशी असताना त्याच्या जवळपासही पोहोचता येत नसेल, तर अडचण पैशाची आहे असे कसे म्हणावे?

भाडोत्री मारेकऱ्याच्या कथेला जे लागते ते विकत घ्यावे लागत नाही. १९७२ सालच्या ‘द मेकॅनिक’मध्ये सुरुवातीची सुमारे पंधरा मिनिटे एक शब्दही बोलला जात नाही. चार्ल्स ब्रॉन्सनने साकारलेला मारेकरी समोरच्या घरावर नजर ठेवतो, छायाचित्रे काढतो, भिंतीवर लावून ती न्याहाळतो, मग त्या घरात शिरून चहाच्या पुड्या आणि गॅसची शेगडी हाताळतो आणि परत येऊन वाट पाहत बसतो. एक खोली, एक खिडकी, एक माणूस. त्याचे काम त्याला किती बारकाईने येते हे आपण पाहतो आणि या माणसाच्या आयुष्यात कामाखेरीज दुसरे काहीही नाही हेही त्याच पंधरा मिनिटांत कळून चुकते. ‘जॉन विक’चा २०१४ सालचा पहिला भागही अवाढव्य खर्चाचा नव्हता. त्याचे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे मुळात स्टंट करणारे, ‘द मेट्रिक्स’मध्ये कीआनू रीव्हजच्या जागी धोक्याची दृश्ये करणारे. त्यामुळे कॅमेरा मागे उभा राहतो, नट स्वतः झुंजताना पूर्ण दिसतो, पिस्तुलातल्या गोळ्या संपतात आणि त्या पुन्हा भराव्या लागतात. याउलट घिसाडघाईच्या उत्तरभागांत कॅमेरा हातात धरून हलवला जातो, क्षणाक्षणाला दृश्य तोडले जाते, रक्त संगणकावर शिंपडले जाते आणि बहुतेक वेळा हे सगळे एखाद्या ओसाड गोदामात घडते, कारण तिथे भाडे कमी आणि प्रकाशयोजना सोपी.

मुंबईकर म्हणून मला याचा विशेष त्रास होतो, तो का हेही सांगितले पाहिजे. या शहराने सुपारीचे खून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचले आहेत. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गिरणी कामगारांचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा गिरणगावातल्या घराघरांत काय वाटले होते ते त्या पिढीतली माणसे आजही सांगतात. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत मंदिराबाहेर गुलशन कुमार यांची हत्या झाली. पैसे घेऊन मारणारा माणूस ही आपल्यासाठी दूरच्या देशातली कल्पना नाही. म्हणूनच १९९८ साली राम गोपाल वर्मांचा ‘सत्या’ आला तेव्हा तो या शहराला आपला वाटला. त्यातही फार मोठा पैसा किंवा बडा नायक नव्हता. पावसाने ओल्या झालेल्या गल्ल्या, कोंदट खोल्या आणि त्या खोल्यांत राहणारी, लग्न झालेली, मुलेबाळे असलेली माणसे होती. मनोज बाजपेयींचा भिकू म्हात्रे बायकोशी भांडतो, मित्रासाठी जीव टाकतो आणि माणसेही मारतो. ‘भाऊ’ म्हणवणाऱ्या ज्या पुढाऱ्याला त्याने आपला मानले त्याच्याच हातून तो एका क्षणात गोळी खाऊन पडतो, तेव्हा प्रेक्षक सुन्न होतो. पुढे त्याचा मित्र सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत त्या भाऊला गाठतो, त्या दृश्यातला गुलाल आणि समुद्र आपल्या रोजच्या ओळखीचा असतो.

त्याच दिग्दर्शकाने २०१३ साली ‘सत्या २’ केला. नाव तेच, शहर तेच, परंतु सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांची ती लेखणी नाही, भिकू नाही, चाळ नाही. नवा नायक गुन्हेगारीची कंपनी उभारण्याच्या योजना लांबलचक संवादांतून समजावून सांगत राहतो आणि त्या योजनेत कोण माणूस मेला, त्याच्या घरी कोण होते, याकडे चित्रपट वळूनही पाहत नाही. मूळ दिग्दर्शक परत आला तरी उत्तरभाग वाचत नाही, हे त्यातून दिसले. मला तो पाहताना राग आला नाही, वाईट वाटले. आपल्या शहरावरची एक खरी कलाकृती होती, तिचे नाव असे खर्ची पडायला नको होते.

मृत्यूला वजन नसेल तर मारेकऱ्यावरचा चित्रपट काढण्याचे कारणच उरत नाही. पडद्यावर मरणारा माणूस कोणीतरी आहे, मारणाऱ्यालाही काहीतरी गमवावे लागते, एवढे भान लेखकाला असले तर सात हजार डॉलर पुरतात. घराघरांत दिसणाऱ्या या डब चित्रपटांचे प्रेक्षक मुख्यतः तरुण मुले आहेत. त्यांना मारधाड पाहू देऊ नका असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वयात मीही फोर्टमधल्या चित्रपटगृहांत हेच पाहत होतो. पण त्यांना या प्रकारातले चांगले काय ते सांगणारे कोणीतरी हवे, कारण मोबाइलच्या पडद्यावर ‘द मेकॅनिक’ आणि त्याच्या नावावर निघालेला कुठलाही चित्रपट शेजारी शेजारी, सारख्याच आकाराच्या चौकोनात दिसतात.

म्हणून आपणांस विनंती आहे, की थेट घरात येणाऱ्या उत्तरभागांसाठी आपल्या चित्रपटविषयक पानावर आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. मोठे परीक्षण नको. मूळ चित्रपटाचे लेखक आणि दिग्दर्शक यात आहेत का, पोस्टरवरचा नट प्रत्यक्षात किती वेळ दिसतो, कथा पुढे जाते की जुनीच फिरवून सांगितली आहे, एवढे चार ओळींत छापले तरी पुष्कळ आहे. त्याच जागेत एखाद्या जुन्या, चांगल्या पण विस्मरणात गेलेल्या चित्रपटाचे नाव सुचवले, तर ते कात्रण आमच्या घरात नक्की जपून ठेवले जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई