घराण्याच्या नावानं पोरींच्या सोयरिकी मोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मल्टिपल स्क्लेरोसिस, डॉक्टर लोक ज्याला एमएस म्हणतात, त्याबद्दल तुमच्या पेपरात कधी सविस्तर वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितोय. माझ्या भाचीला हा आजार आहे. आधी एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, मग पाय जड पडले, गावात कोणी लकवा म्हणे कोणी बाहेरचं म्हणे, शेवटी नागपूरला एमआरआय झाला तेव्हा कळलं. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात दुपारी खाटेवरून उठून माठापर्यंत जायचं तर तिला भिंत धरावी लागते, अन् मानेवर ओलं फडकं ठेवून कूलरसमोर बसली की थोड्या वेळानं तीच पोरगी नीट चालते. गरमीनं लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण शेजारच्या बाया म्हणतात नाटक करून रायली.

खरं लिहायचंय ते तिच्या धाकट्या बहिणीबद्दल. चांगली शिकलेली, तब्येतीनं ठणठणीत, पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, पोरगी पसंत पडते अन् मग कोणीतरी कानात सांगते की यांच्या घराण्यात नसांची बिमारी आहे. झालं, तिकडून फोनच येत नाही. आणि सगळा दोष माझ्या बहिणीवर, म्हणजे पोरींच्या आईवर, की माहेरचं रक्तच तसं.

या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असते त्यावर हल्ला करते. जनुकांचा यात वाटा आहे, ते मी नाकारत नाही. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक, जनुकं तर दोघांची सारखीच! मग बाकीचे तीन काहून वाचतात? स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिंस्का इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापक माया यागोदिच नेमकं याच्याच मागे लागल्या आहेत, एमएसमधली प्रतिकारशक्ती आणि एपिजेनेटिक्स, म्हणजे जनुक तेच राहून त्याचं काम कमी-जास्त कसं होते याचा अभ्यास, हाच त्यांच्या कामाचा विषय. एकाच पाकिटातली सरकी दोन वावरात टोबली तर पराटी सारखी येत नाही, जमीन-पाणी ठरवते, तसं जनुक तेच असलं तरी ते किती चालू राहील हे त्याच्यावर चिकटलेल्या रासायनिक खुणांवर असते, त्याला मिथायलेशन म्हणतात. २०१८ साली त्यांच्या गटानं दाखवलं की एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा जो प्रकार एमएसचा धोका सगळ्यात जास्त वाढवतो, तो ज्यांच्यात आहे त्यांच्यात या खुणा कमी आणि म्हणून ते जनुक जास्त चालते. आणि तो प्रकार अंगात असूनही बहुतेकांना हा आजार होतच नाही!

त्यांच्याच गटानं बिडी-सिगारेटचाही अभ्यास केला, एमएसच्या पेशंटच्या रक्तात धुराच्या खुणा दिसल्या आणि ओढणं सोडून किती काळ झाला त्याप्रमाणे त्या बदललेल्या होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटते, कारण रक्तातलं सगळंच काही कायमचं लिहून ठेवलेलं नसते. दुसरीकडे २०२२ मध्ये अमेरिकेत एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी तपासल्या, एप्स्टाइन-बार व्हायरसची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. हा व्हायरस तर मोठं होईपर्यंत जवळपास सगळ्यांना होऊन जातो, सोयरीक मोडणाऱ्यांनाही झालाच असेल.

सख्ख्या बहिणीचं विचाराल तर युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत हा धोका १०० मध्ये २-३ एवढाच आहे, म्हणजे ९७ जणी ठीक. हे मी पाहुण्यांना सांगायला गेलो तर मामा म्हणून पोरीची बाजू घेते असं वाटते, पेपरात छापून आलं तर ऐकतील.

म्हणून विनंती आहे की जिल्ह्याच्या पानावर मेंदूच्या डॉक्टरांकडून यावर साध्या मराठीत एक लेख लिहून घ्या. त्यात बहिणीच्या धोक्याचा आकडा मोठ्या अक्षरात टाका, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे हेही टाका, तालुक्याच्या गावी कोणाला माहीत नसते. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पाहुण्यांच्या चकरा सुरू होतात, त्याच्या आधी आला तर फार बरं होईल.

आपला,
एका एमएस पेशंटचा मामा
ता. दारव्हा, जि. यवतमाळ