सर्वपक्षीय गट काढा, पण त्याचे दप्तर अपंगांच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांच्या प्रश्नांसाठी सर्व पक्षांच्या खासदारांचा एक गट असावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. मी स्वतः कुबड्या घेऊन चालते आणि जिल्ह्यातल्या अपंगांच्या एका संघटनेचा पत्रव्यवहार सांभाळते. त्यामुळे एक गोष्ट आग्रहाने मांडते. अशा गटात कोण कोण खासदार आहेत, याला महत्त्व आहेच; पण त्याची विषयपत्रिका कोण लिहिते, इतिवृत्त कोण ठेवते आणि त्याचा खर्च कोण करते, यावर त्याचे खरे काम ठरते.

ब्रिटनच्या संसदेत असा गट 1960च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली ती मजूर पक्षाचे जॅक ॲश्ली यांनी. 1966 साली ते निवडून आले आणि पुढच्याच वर्षी कानाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बहिरे झाले. खासदारकी सोडायचे त्यांनी ठरवत आणले होते. सहकाऱ्यांनी आणि मतदारसंघातल्या लोकांनी सोडू दिली नाही. पुढे सभागृहातली भाषणे त्यांना समोरच्या पडद्यावर वाचता येतील अशी सोय झाली. थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या भरपाईचा प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरला. अशा माणसाकडे गटाची सूत्रे असली की बैठकीला दुभाषा हवा की नको, यावर वाद घालावा लागत नाही.

ब्रिटनमधले असे सर्वपक्षीय गट संसदेच्या समित्या नव्हेत. त्यांना मंत्र्यांना बोलावून घेण्याचा अधिकार नाही, संसदेचे कर्मचारी मिळत नाहीत, अनुदानही नाही. म्हणून कारकुनी कामाला बाहेरची एखादी संस्था लागते, आणि गैरप्रकाराला वाट मिळते ती इथेच. कंपन्यांचे आणि परकीय सरकारांचे हितसंबंध याच दाराने आत येतात, अशी टीका वाढली तेव्हा नियम कडक करण्यात आले. ते 2024च्या मार्चअखेरपासून लागू आहेत. गटाला किमान 20 सभासद लागतात, पदाधिकारी चारच, आणि एका खासदाराला सहापेक्षा जास्त गटांत पदाधिकारी होता येत नाही. गटाच्या सचिवालयासाठी परकीय सरकारचा पैसा चालत नाही. वर्षाला 1,500 पौंडांहून अधिक मदत कोणाकडून आली तर ती जाहीर नोंदवहीत नोंदवावी लागते. सहा गटांची मर्यादा मला फार मोलाची वाटते, कारण नुसते नाव लावणाऱ्या माणसापेक्षा रिकामी खुर्ची बरी.

स्कॉटलंडच्या संसदेतला अपंगत्वविषयक गट मला याहून जवळचा वाटतो. तिथे बाहेरच्या संस्था आणि व्यक्तीही सभासद होऊ शकतात, मात्र निमंत्रक आमदारच असावा लागतो. गटाचे सचिवालय ‘इन्क्लुजन स्कॉटलंड’ या संस्थेने सांभाळले आहे, आणि ही संस्था अपंग लोकांनीच चालवलेली आहे. ज्यांचा प्रश्न आहे तेच टिपणे काढतात, तेच पुढच्या बैठकीचा विषय सुचवतात. आमदार बदलले तरी मागच्या वर्षी काय ठरले होते, हे सांगणारे कोणीतरी जागेवर असते. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेत, तर निवडणूक झाली की सगळे गट नव्याने नोंदवावे लागतात. दप्तर सांभाळणारे हात पक्के नसतील तर दर वेळी पाटी कोरी.

अशा गटाच्या आणि संघटनांच्या रेट्याने काय घडते, ते ब्रिटनमध्ये 1994 साली दिसले. मजूर पक्षाचे खासदार रॉजर बेरी यांचे अपंगांच्या नागरी हक्कांचे खासगी विधेयक सत्ताधारी बाजूने दुरुस्त्यांचा ढीग घालून, वेळ संपवून पाडले. त्या दुरुस्त्या सरकारनेच लिहून दिल्या होत्या, हे उघड झाले. अपंगांच्या खात्याचे मंत्री निकोलस स्कॉट यांना सभागृहाची माफी मागावी लागली. त्यांची स्वतःची मुलगी अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘राडार’ या संस्थेत काम करत होती आणि तिने वडिलांवर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. तो मागणीपेक्षा लेचापेचा होता. तरी त्या संतापाशिवाय 1995 साली तेवढाही आला असता, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे पक्षभेद विसरून काम होऊ शकते, याचा पुरावा आहे. 2016चे हिवाळी अधिवेशन नोटाबंदीच्या गदारोळात जवळजवळ वाहून गेले, आणि त्याच अधिवेशनात 14 डिसेंबरला राज्यसभेने व 16 डिसेंबरला लोकसभेने दिव्यांग हक्क विधेयक मंजूर केले. पण कायदा झाल्यावर पाठपुरावा कोणी करायचा? जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 साली संपली, आणि आमच्या सभासदांना कित्येक कार्यालयांत अजून पायऱ्यांशी थांबून साहेबांना खाली बोलवावे लागते. सुगमतेचे नियम बंधनकारक करा, असे नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. हा पाठपुरावा न्यायालयाआधी लोकप्रतिनिधींनी करायला हवा होता.

याच कायद्याच्या कलम 60 प्रमाणे केंद्रीय सल्लागार मंडळावर तीन खासदार असतात: दोन लोकसभेचे, एक राज्यसभेचा. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. राज्याच्या मंडळावरही विधिमंडळाचे तीन सभासद असतात. गटाची सुरुवात मंडळांवरच्या या सभासदांपासूनच करता येईल. प्रत्येक बैठकीआधी त्यांनी संघटनांकडून प्रश्न मागवावेत आणि बैठकीनंतर काय झाले ते लेखी कळवावे. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले आहेत. लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19 मिळून आपले 67 खासदार आहेत. एवढ्यांतून गट उभा राहायला अडचण नसावी.

मात्र तो साहित्यवाटपाचा मेळावा होऊ नये. तीनचाकी सायकल देतानाचे छायाचित्र आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. त्या सायकलचा सुटा भाग तालुक्याला मिळत नाही, हा प्रश्न मात्र कोणाच्या विषयपत्रिकेवर येत नाही. सचिवालय उपकरणे विकणाऱ्या कंपनीकडे किंवा एखाद्या नेत्याच्या प्रतिष्ठानाकडे देऊ नये. ते अपंगांनी चालवलेल्या संघटनांकडे असावे. त्यांत अंध, कर्णबधिर, मनोसामाजिक (मानसिक आजारामुळे येणारे) आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना जागा हवी. आम्हा चालण्याची अडचण असलेल्यांचाच आवाज दर वेळी पुढे जातो, ते बरे नाही. खर्च कोणी केला, ते जाहीर व्हावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. या 67 जणांना दोन प्रश्न लेखी विचारा: अशा गटात आपण याल का, आणि त्याचे दप्तर अपंगांच्या संघटनांकडे सोपवायला आपली तयारी आहे का? आलेली उत्तरे मतदारसंघवार छापा. ती आमच्या अंध सभासदांना वाचून दाखवण्याची आणि कर्णबधिरांपर्यंत खुणांच्या भाषेत पोहोचवण्याची जबाबदारी आमची संघटना घेईल.

आपली,
एक वाचक, मिरज