कोकण किनाऱ्यावरच्या तांडेल-खलाशांना, शिडाच्या बोटीवाल्यांकडून

तांडेलदादांनो, नाखवांनो, समस्त खलाशी भावांनो,

सप्रेम नमस्कार.

मांडव्यापासून रेडीपर्यंत कुठल्याही खाडीत परकी शिडाची बोट शिरू लागली की तुमच्यापैकी कुणीतरी हात उंचावून उभा राहतो. ‘इकडून नको, तिकडून घ्या!’ ओळख ना पाळख. हे पत्र त्या हातासाठी.

त्या हातामागे केवढी माहिती असते, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. आमच्या बोटीचं पठाण, म्हणजे तळाचा जड कणा, पाण्याखाली दीड-दोन मीटर जातं. बाणकोटला सावित्री किंवा दाभोळला वाशिष्ठी दर पावसाळ्यात मुखावरची वाळू हलवते. नकाशातली खोली मात्र जुन्या मोजणीची. तुम्ही कालच तिथून गेलेले असता. म्हणून तुम्ही सांगता, ‘अर्धी भरती होऊ द्या, मग शिरा.’ चढत्या पाण्यात बोट टेकली तर पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत कुशीवर पडून राहायचं. आणि ती उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सर्वांत मोठी भरती असेल, तर पुढच्या भरत्या लहान होत जातात आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत अडकू शकते. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडे ते निम्म्याच्याही आत येतं. त्यामुळे दक्षिणेत चुकीला आणखी कमी जागा. मालवणात तर सिंधुदुर्गाभोवती वाळू नाही, खडक आहेत. तिथे पुढे होडी घालून वाट दाखवणाऱ्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

रात्रीच्या टॉर्चबद्दलही धन्यवाद. तरत्या जाळ्याला बांधलेली बोट दिसली तर जाळं तिच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, पसरलेलं असतं, म्हणून तिच्या मागून जावं. ट्रॉलरचं नेमकं उलट, त्याचं जाळं मागे. हा फरक अंधारात ओळखू येत नाही. अशा वेळी तुम्ही टॉर्च हलवत राहता आणि आमचा पंखा (प्रोपेलर) वाचतो, तुमचं जाळंही.

कधीकधी दोन्ही वाचत नाहीत. जाळं पंख्यात गेलं की इंजिन लगेच न्यूट्रलला आणून बंद करायला हवं. घाबरून रिव्हर्स टाकला तर गुंता आणखी आवळतो. पंखा फिरत राहिला तर नायलॉन घर्षणाने वितळून त्याच्या शाफ्टवर कडक कडं होतं. ते कडं शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या सीलवर दाबलं तर बोटीत पाणी येऊ लागतं. म्हणून आधी आत वाकून बघायचं, मग बाहेर. तुमची पोरं दातेरी सुरी घेऊन बुडी मारतात, तेव्हा आमचं काम एवढंच: इंजिनची किल्ली काढून खिशात ठेवणं, बुडी मारणाऱ्याच्या कमरेच्या दोरावर एकाने सतत लक्ष ठेवणं आणि शाफ्ट आतून हाताने उलटा फिरवून गुंता सैल करणं. जाळं मधूनच कापून सोडून देणाऱ्या बोटीवाल्यांचा आम्हाला राग येतो. पंख्याच्या अगदी जवळ कापावं, दोन्ही टोकं एकमेकांना बांधून बोया लावावा आणि नुकसानीचे पैसे तुम्ही मागण्याआधी द्यावेत.

सर्वांत मोठं ऋण ओढून नेण्याचं. तुमचं इंजिन दमदार, आमची बोट जड पठाणाची. वेग दुप्पट केला की दोरावरचा ताण चौपटीच्या घरात जातो; चार-पाच नॉटच्या वर ओढलं तर नाळेवरचे क्लीट (दोर बांधायचे खुंटे) उपटून येऊ शकतात. तुम्ही हळू चालवता. दोर इतका लांब सोडता की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढाव्यात, नाहीतर दर लाटेला हिसका बसतो. आमच्या बाजूने दोन्ही क्लीटना दोर विभागून बांधणं, घासतो तिथे जाड कापड गुंडाळणं आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणाला उभं राहू न देणं, इतकं तरी चोख व्हायला हवं.

या कामात तुमचा काय खर्च होतो, हे बंदरावर कुणी बोलत नाही. डिझेल जळतं, खणातला बर्फ वितळतो आणि हर्णैसारख्या बंदरात लिलावाची वेळ टळली की मासळीचा भाव पडतो. तरीही तुम्ही ‘राहू द्या हो’ म्हणता. आम्ही राहू देणार नाही. जेवढा वेळ ओढलं तेवढं डिझेल, वर बर्फाचे पैसे, हा आमच्याकडून किमान हिशेब.

जीव धोक्यात असेल तेव्हा तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 आहेच, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16 आहे. पण बहुतेक वेळा सर्वांत जवळ तुम्हीच असता.

मतलई, म्हणजे पहाटे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्याचं ज्ञानही तुमचंच. हिवाळ्यात गोव्याहून वर येताना दुपारचा खारा वारा वायव्येकडून नाकावर बसतो. तुमचा सल्ला, ‘पहाटे निघा, किनारा धरून चला, अकराच्या आत नांगर टाका.’ विजयदुर्गच्या आड नांगर कसा टाकायचा तेही तुमच्याकडून पक्कं झालं: ओहोटीचं पाणी पाच मीटर, भरतीचे दोन, नाळेची उंची एक, एकूण आठ, त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी.

नारळी पौर्णिमेला तुमचा नारळ समुद्राला जाईल. पाऊस ओसरला की आम्हीही शिडं बांधून निघू. खाडीच्या तोंडाशी भेटू.

आपले ऋणी,
शिडाच्या बोटीने फिरणारे