फॉरमॅट मारू देऊ नकोस, आधी फाइली काढू

प्रिय मन्या,

काल तुझा फोन ठेवला आणि नंतर झोपच लागेना, कारण तू घाईत होतास आणि मला जे सांगायचं होतं ते अर्धवटच राहिलं. म्हणून नीट लिहितोय. पहिली गोष्ट, तो माणूस उद्या येऊन फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, नवं विंडोज टाकून देतो म्हणाला ना, त्याला आजच फोन करून नको म्हणून सांग. विंडोज काय, कधीही टाकता येईल. काकूंच्या आवाजातली रेकॉर्डिंग परत करता येणार नाहीत.

आणि आधी घाबरणं थांबव. कॉम्प्युटर चालू होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा होत नाही रे. तू जे सांगितलंस, की फॅन फिरतो, कंपनीचा लोगो येतो, मग गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी निळी स्क्रीन, ते ऐकून मला तरी वाटतंय की विंडोजची एखादी सिस्टीम फाइल बिघडली असेल किंवा डिस्कवरच्या थोड्या जागेत खराबी असेल. दोन्हीत तुझे फोटो, रेकॉर्डिंग, सगळं डिस्कवर जागच्या जागी असण्याची शक्यता खूप आहे. जे बिघडलंय ते दार आहे, आपण खिडकीतून आत जायचं.

पण त्याआधी एक काम कर. केबिनेटला कान लावून ऐक. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे तुझी, त्यातून टक टक टक असा ठरावीक आवाज येतोय का, किंवा घासल्यासारखा? येत असेल तर लगेच बंद कर आणि परत चालूच करू नकोस, कारण मग आतलं डिस्क वाचणारं हेडच खराब झालेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केलं की प्लेटवर आणखी ओरखडे पडायची भीती असते. तसं असेल तर घरी काहीही करायचं नाही, डेटा रिकव्हरीची लॅब असते तिथेच द्यायची, आणि कोणी समोर बसून डिस्क उघडतो म्हणाला तर उचलून परत घेऊन ये, ती धूळ नसलेल्या खोलीतच उघडतात.

आवाज नसेल तर आपलं काम सोपं आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लाव (त्यातलं सगळं पुसलं जातं हं, बघून घे), लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या फुकट सिस्टीम आहेत) उतरवून घे आणि रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने ते पेनड्राइव्हवर चढव. मग तो तुझ्या डेस्कटॉपला लावून चालू करताना एफ १२ दाबत राहा, काही बोर्डांवर एफ ११ असतं, काहींवर एफ ८ किंवा एस्केप, बूट मेन्यू आला की पेनड्राइव्ह निवड. उबंटू असेल तर ते विचारेल, नुसतं वापरून बघायचं की इन्स्टॉल करायचं. नुसतं वापरून बघायचं!! इन्स्टॉलला हात लावलास तर फॉरमॅट मारणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला. हे सगळं रॅममध्ये आणि पेनड्राइव्हवरून चालतं, तुझ्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

मग फाइल मॅनेजरमध्ये तुझी डिस्क दिसेल, ती उघड, युजर्स, त्यात तुझं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. डेस्कटॉपचा फोल्डर विसरू नकोस, तू सगळं तिथेच टाकतोस मला माहितीये. ब्राउझरचे बुकमार्क वगैरे अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तो विंडोजमध्ये लपवलेला असतो पण लिनक्समध्ये सरळ दिसतो. डिस्क उघडताना विंडोज हायबरनेट झालंय असं काही म्हणाली तरी घाबरू नकोस, विंडोज ८ पासून शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धं झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. आपल्याला लिहायचं नाहीच आहे, फक्त वाचायचंय, त्यामुळे रीड ओन्ली उघडायची, ते मी फोनवर सांगेन. आणि कुलूप दाखवून पासवर्ड मागितला तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे, त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते, मोबाइलवरून तुझं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून बघ, बहुतेकदा तिथे सेव्ह झालेली असते.

कॉपी करताना फायली अडकायला लागल्या, एकेका फोटोला मिनिट मिनिट लागलं, तर तिथेच थांब. याचा अर्थ डिस्क मरायला टेकली आहे आणि तिच्याकडून एकेक फाइल ओढत बसणं चुकीचं. अशा वेळी डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं पूर्ण डिस्कचं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतं आणि खराब जागांकडे शेवटी परत येतं, शिवाय कुठपर्यंत झालं त्याची नोंद ठेवतं त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. फक्त त्यात कुठून आणि कुठे हे उलटं टाइप झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते, म्हणून ते एकट्याने करू नकोस, मी लाइनवर असतानाच.

एक सांगतो, हे मी इतकं कळवळून का लिहितोय. माझ्या जुन्या मशीनला असंच झालं होतं तेव्हा मी आधी दुरुस्ती करायला गेलो, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क रात्रभर लावून ठेवलं. त्याचं काम फाइल सिस्टीम सरळ करणं आहे, तुझे फोटो वाचवणं नाही. सकाळी फाउंड नावाचा फोल्डर आणि त्यात नुसते नंबर असलेल्या शेकडो फाइली. फोटोरेक नावाचं गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून बरेच फोटो मिळाले पण नावं, तारखा, फोल्डर सगळं गेलं, कोणता फोटो कधीचा ते अजून लावतोय. बाबांच्या शेवटच्या वर्षातले काही फोटो अर्धेच उघडतात, खालचा भाग राखाडी. आधी कॉपी केली असती तर ते आज असते, हे मला अजून लागतं. तुझ्या बाबतीत ते व्हायला नको.

बाहेरची हार्ड डिस्क घेशील तेव्हा ती फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना बघ, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि तुझे व्हिडिओ मोठे आहेत.

लिनक्स चालू झालंच नाही तर डिस्क काढून साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळं १२ व्होल्टचं अडॅप्टर लागतं, ते सोबत असलेलीच केबल घे, नाहीतर डिस्क फिरणारच नाही आणि तुला उगाच वाटेल की संपलं सगळं.

शनिवारी मी दिवसभर मोकळा आहे. पेनड्राइव्ह त्याआधी बनवून ठेव, आणि तोवर मशीन परत परत चालू करून बघू नकोस, प्लगच काढून ठेव. डिस्क उघडली की काकूंच्या रेकॉर्डिंगचा फोल्डर सगळ्यात आधी कॉपी कर, फोटोंच्याही आधी, आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन तीन फाइली लावून ऐक, मगच पुढचं. त्यातली एक मलाही पाठव, काकूंचा आवाज ऐकून खूप दिवस झाले.

तुझा,
दिप्या