सर, तुमच्या वहीतला 'जल्प'

आदरणीय सर,

तुम्ही निवृत्त झालात हे काल कळलं. तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. ज्यांनी ते वाचावं असं वाटतं त्यांना मराठी चांगलं येतं. (त्यातल्या एक-दोघांनी तर जरूर वाचावं.)

कॅनडातल्या विंडसरला आले तेव्हा माझ्या गाठीला वक्तृत्व स्पर्धांचे अठरा करंडक होते आणि एक सल. इकडे भारतात माझ्या आधीच्या गाइडना मी न्यायसूत्रांवर, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथावर, टिपण दिलं होतं. तीन महिन्यांनी परत आलं. चौथं आणि पाचवं पान माझ्याच हातून डिंकाने चिकटलं होतं, ते तसंच चिकटलेलं. वर लाल शाईत शेरा: "जुनं पुराण. विषयाशी संबंध नाही."

आणि तुमचं विद्यापीठ म्हणजे युक्तिवादाच्या अभ्यासाची पंढरी! जॉन्सन आणि ब्लेअर या तिथल्याच प्राध्यापकांनी १९७७ साली वर्तमानपत्रांतल्या खऱ्याखुऱ्या युक्तिवादांवर पाठ्यपुस्तक लिहिलं, पुढच्याच वर्षी अनौपचारिक तर्कशास्त्राची, म्हणजे रोजच्या बोलण्यातले युक्तिवाद तपासणाऱ्या शास्त्राची, पहिली परिषद तिथे भरली. पाठ्यपुस्तकी उदाहरणातला सॉक्रेटिस मर्त्य आहे हे सिद्ध करून रोजची भांडणं उलगडत नाहीत, हे तुम्ही त्याच वातावरणात शिकलात आणि आयुष्यभर शिकवलंत.

त्या दिवशी वर्गात तुम्ही ब्रिटिश तत्त्वज्ञ टूलमिनचा युक्तिवादाचा आराखडा समजावत होता. दावा, त्याचा पुरावा, आणि दोहोंना जोडणारं, बहुतेक वेळा कुणी न बोललेलं गृहीतक. मी चाचरत म्हणाले, आमच्याकडे न्यायसूत्रांत आधी हे बघतात की माणूस बोलतोय कशासाठी. खरं काय ते कळावं म्हणून बोलला तर वाद. जिंकायचंच म्हणून बोलला तर जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत बसला तर वितंडा. बोलता बोलता जाणवलं, माझे अठराही करंडक जल्पाचे.

वर्गात कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं. तुम्ही मात्र खिशातून छोटी वही काढलीत, पेन्सिलीसकट माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "तुझ्या लिपीत लिही."

सर, एवढंच. शिफारसपत्रं, फेलोशिप, ते सगळं नंतर झालं, त्याचे आभार वेगळे मानलेत. पण इतकी वर्षं हाच विषय शिकवणारा माणूस विद्यार्थिनीपुढे वही धरतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे विद्वत्ता पुष्कळ आहे हो. "मला हे माहीत नव्हतं" एवढं म्हणायचा मोकळेपणा असलेली माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, आणि बहुधा ती कुठल्या पदावर नसतात.

पुढच्या आठवड्यात वर्गात शिरले तर फळ्यावर तिन्ही शब्द देवनागरीत. शिरोरेघ उतरणीला लागलेली, आणि 'जल्प'चा झालेला 'जलप'. "चुकलं ना?" तुम्ही विचारलंत आणि खडू माझ्या हातात दिलात. मी 'ल'चा पाय मोडला.

तुमची विद्यार्थिनी